वचनाचा शेजार : वाचकांचे प्रश्न

आधी चुकीची कबुली. मागच्या अंकात नाताळाबद्दल लिहिताना ‘तीन राजे बेथलेहेमच्या गोठ्यात आले’ असं मी लिहून गेलो. नागपूरच्या एका वाचकभाऊंचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ : ‘काका, मत्तय २ पुन्हा वाचा.’ वाचलं. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, मागी म्हणतो, म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी. किती जण होते ते सांगत नाही. आणि ते गोठ्यात आलेच नाहीत, घरात आले (२:११). तीन आहेत ती दानं : सोनं, ऊद आणि गंधरस. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळच्या नाटकात पुठ्ठ्याचे मुकुट घातलेले तीन राजे मी लहानपणापासून बघतोय. दोन वर्षं तर गंधरसवाला मीच होतो, हातात आईच्या पावडरचा रिकामा डबा. ते डोळ्यांपुढे आलं आणि शास्त्र, म्हणजे बायबल, न उघडताच पेन चाललं. भाऊ, आभार.

नवीन वाचकांना एवढंच सांगतो की मी पाद्री नाही. ३२ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. तिथे हातात पंच होता, निवृत्त झाल्यावर मंडळीने मलाच पंच केलं. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीचं तोंड पाहिलेलं नाही. शास्त्र शिकलो ते आईकडून. ती बायबलबाई होती, पिशवीत पुस्तकं घेऊन नेवासा तालुक्यातल्या वस्त्यांवर पायी फिरायची. ती म्हणायची, ‘वचनालाही शेजार असतो. शेजारीपाजारी विचारल्याशिवाय आपण पोरीची सोयरीक करतो का? मग वचन तेवढं एकटं उचलून का आणायचं?’ यावेळच्या पत्रांना उत्तरं देताना तिचं हे वाक्य मला सारखं आठवत राहिलं.

प्रश्न : काका, जय ख्रिस्त. माझा मुलगा दुसऱ्यांदा नीटमध्ये राहिला. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या चित्रावर यिर्मया २९:११ येतं, की देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. निकालानंतर एका बहिणीने मला फोन करून सांगितलं की तुमच्या घरात विश्वास कुठेतरी कमी पडला. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. मी त्याला हे वचन कुठल्या तोंडाने वाचून दाखवू? — एक आई, श्रीरामपूर

उत्तर : ताई, तूर्त वाचून दाखवू नका. चहा द्या आणि त्याच्याजवळ बसा.

आता तुमच्यासाठी. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या एका पत्रातलं आहे. अगदी खरंखुरं पत्र, कोणाच्या हाती पाठवलं त्यांची नावंसुद्धा दिली आहेत : शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या. यरुशलेमेतून ते बाबेलला गेलं, तिथे धरून नेलेल्या लोकांना. घर गेलेलं, मंदिर लांब राहिलेलं, परक्यांची चाकरी नशिबी आलेली. त्यांना एकच गोष्ट ऐकायची होती, आपण परत कधी जाणार.

आता या वचनाचे शेजारी बघा. मागच्या म्हणजे अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो भर मंदिरात, सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येणार. यिर्मयाच्या मानेवर बाबेलच्या अमलाची खूण म्हणून लाकडी जू होतं, ते काढून तो मोडूनच टाकतो. लोकांना किती बरं वाटलं असेल! आज असता तर ग्रुपवर रोज सकाळी फुलांसकट हनन्याच आला असता. यिर्मयासुद्धा आधी ‘आमेन’ म्हणतो, परमेश्वर असंच करो, म्हणतो. मला ते ‘आमेन’ फार आवडतं. चांगली बातमी खोटी ठरावी असं त्यालाही वाटत नव्हतं. पण ती खोटी होती.

मग येतं हे पत्र. अकराव्या वचनाच्या अगदी भिंतीला भिंत लागून दहावं वचन आहे. त्यात आकडा आहे, सत्तर वर्षं. पत्र वाचणाऱ्या चाळिशीच्या माणसाने मनात हिशेब केला असेल : म्हणजे मी नाही, माझा नातू जाईल. हे कळल्यावरच पुढचं ‘हिताचे संकल्प’ त्याच्या कानावर पडतं. तोवर करायचं काय, तेही पत्रात वर लिहिलंय. घरं बांधा, राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या शहरात आणून टाकलंय त्या शहराचं भलं मागा.

या पत्रात परीक्षेचा निकाल नाही की दोन वर्षांची मुदत नाही. आणि ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं तर कुठेच नाही.

माझं सांगतो. माझा थोरला बारावीला गणितात गेला. मी घर डोक्यावर घेतलं, आणि रागाचा भर ओसरल्यावर पश्चात्ताप म्हणून हेच वचन फ्रेम करून त्याच्या टेबलासमोर ठोकलं. मला वाटलं, केवढं आध्यात्मिक काम केलं! चार-पाच वर्षांनी, तो फ्रीज-एसी दुरुस्तीत बऱ्यापैकी रुळल्यावर, एकदा जेवताना सहज म्हणाला, ‘पप्पा, त्या फ्रेमकडे बघितलं ना, की वाटायचं, माझ्यामुळे देवाचासुद्धा प्लॅन फेल गेला.’ घास तसाच हातात राहिला माझ्या. फ्रेम त्याच रात्री उतरवली. खिळा अजून भिंतीत आहे.

म्हणून म्हणतो, पोराला ‘बाग लावा’ तेवढं सांगा, वचन म्हणून नाही, काम म्हणून. पाण्याची टाकी धुवायची आहे, आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, दळण आणायचंय. कोणाच्या तरी उपयोगी पडेल असं काहीतरी, दिवसातून एकदा, खोलीबाहेर. आणि ताई, तो जेवत नसेल, झोपत नसेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर प्रार्थनासभेची वाट बघू नका, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

फोन करणाऱ्या बहिणीला योहानाचा नववा अध्याय वाचायला सांगा. जन्मांध माणूस समोर उभा असताना शिष्यांनाही आधी हेच विचारावंसं वाटलं होतं, पाप कोणाचं?

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर २६ जानेवारीला सत्यनारायण असतो. समोरच्या वहिनी प्रसादाचा शिरा घरी आणून देतात. मी घेते आणि त्या गेल्या की टाकून देते, मग दिवसभर मनाला लागून राहतं. खाल्लं तर पाप, टाकलं तर अन्नाचा अपमान, नाही म्हटलं तर वहिनींचा. काय करू? — एक भगिनी, पिंपरी-चिंचवड

उत्तर : ताई, तुमच्याआधी हा प्रश्न करिंथच्या मंडळीने प्रेषित पौलाला विचारला होता. त्याने त्यासाठी पहिल्या पत्राचे जवळजवळ तीन अध्याय खर्च केले, आठ ते दहा. एका ओळीत उत्तर देता आलं असतं तर त्याने दिलं असतं. तो काही फार लाजाळू माणूस नव्हता.

करिंथ हे बंदराचं, व्यापाराचं शहर. देवळांना लागून जेवणाच्या खोल्या असायच्या, तिथे मेजवान्या होत. देवाला वाहिलेल्या पशूचं मांस बाजारात विकायलाही येई. मंडळीतले काही म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नाही, आपल्याला ज्ञान आहे, खुशाल खा. काहींच्या घशाखाली घास उतरेना.

पौल काय म्हणतो? देवळातल्या मेजावर बसून तिथल्या उपासनेत भागीदार होऊ नका, हे तो अगदी कडक शब्दांत सांगतो (१०:२१). ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच अध्यायात, चारच वचनं पुढे : बाजारात जे विकतात ते खा, चौकश्या करत बसू नका. कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. मात्र कोणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. आणि तेही तुमच्या मनासाठी नाही, त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी. आता आली का पंचाईत! वहिनी तर ‘प्रसाद’ म्हणूनच आणतात.

इथे मला आईची गोष्ट सांगावी लागते. आम्ही राहायचो त्या गल्लीत आमचं एकच ख्रिस्ती घर. श्रावणात कोणाकडे ना कोणाकडे पूजा असायची. पितळेच्या वाटीत शिरा यायचा. केळं घातलेला, वर तुळशीचं पान, तूप वाटीच्या कडेला सुटलेलं. आई दोन्ही हातांनी वाटी घ्यायची. स्वतः खात नसे. आम्हा भावंडांपुढे मात्र ठेवायची. एकदा मी विचारलं, तू का नाही खात? ती म्हणाली, ‘मी आठ वर्षांची होते तेव्हा माझ्या बापाने बाप्तिस्मा घेतला. त्याआधीचं सगळं मला आठवतं. हा घास तोंडात घातला की मी मनाने तिथे जाते. तुम्ही कुठे जाणार? तुम्हाला तो नुसता शिरा आहे. खा.’

पुढे कितीतरी वर्षांनी १ करिंथ ८:७ वाचताना मी थांबलो. ज्यांना आजवर मूर्तीची सवय होती ते अन्न वाहिलेलं समजूनच खातात आणि त्यांचं मन विटाळतं, असं पौल लिहितो. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने हे वचन स्वतःपुरतं एका बाजूने आणि लेकरांपुरतं दुसऱ्या बाजूने पाळलं होतं, आणि आम्हाला कधी ऐकवलं नव्हतं.

अजून एक. वाटी रिकामी परत जात नसे. साखर, नसेल तर दोन अंडी, नाताळात करंज्या. ती वाटी आमच्या दाराशी येत होती हेच आजोबांना नवल वाटायचं. त्यांच्या तरुणपणी त्याच गावात त्यांना पाणी वरून, ओंजळीत ओतायचे. भांड्याला हात लावू देत नसत. ज्या गावात भांड्याची ही तऱ्हा होती, त्या गावातून पितळेची वाटी हातात येते, परत जाते, पुन्हा येते. आजोबा म्हणत, ‘आधी वाटीकडे बघ, मग शिऱ्याकडे.’ हे कुठल्या टीकाग्रंथात मिळायचं नाही.

तर ताई, माझं मत विचाराल तर असं आहे. तुमच्या मनाला तो नुसता शिरा असेल तर उपकारस्तुती करून खा. मनाला टोचत असेल तर खाऊ नका, पण लपून टाकूही नका. तुम्हाला लागून राहतंय ते त्या लपवण्याचं आहे. वहिनींना एकदा, सणाचा दिवस सोडून, भाजी निवडता निवडता सांगा : ‘तुम्ही आणता ते मला आवडतं. पूजेचं मी खात नाही, आमच्यात तसं आहे. पण तुमच्या हातचा साधा शिरा कधीही चालेल.’ मराठी बायका याहून अवघड गोष्टी एकमेकींना सांगतात. माझी खात्री आहे, वहिनी साधा शिरा करून आणतील, आणि वर विचारतील, ‘मग नाताळच्या केकमध्ये अंडं असतं का हो? आमचा मार्गशीर्षातला गुरुवार असतो कधीकधी.’ त्यांचीही बाजू असतेच की.

आणि तुमच्या मंडळीतल्या कोणी खाल्लं म्हणून, किंवा नाही खाल्लं म्हणून, तिच्याबद्दल कुजबुज करू नका. माझ्या बघण्यात शिऱ्याने मंडळी फुटली नाही, कुजबुजीने फुटली आहे.

प्रश्न : दशांश, म्हणजे देवासाठी काढायचा दहावा भाग, पेन्शनच्या हातात पडणाऱ्या रकमेवर द्यायचा की कपातीच्या आधीच्या? — निवृत्त साखर कारखाना कामगार, कोपरगाव

उत्तर : भाऊ, तुमची आणि माझी दोघांचीही पेन्शन ईपीएस ९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली, जेमतेम. त्यात कपातीआधी आणि कपातीनंतर असा फरक करायला जागाच कुठे आहे? परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहूदी लोक, पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशांश मोजून देत (मत्तय २३:२३). प्रभूने त्यांना तो देऊ नका असं सांगितलं नाही. न्याय, दया आणि विश्वास तेवढा मोजायचा राहिला, म्हणाला. शेपूची जुडी घेताना मला हे वचन हटकून आठवतं. आनंदाने जमेल तेवढं द्या, औषधांचे पैसे बाजूला ठेवून द्या, आणि आकडा पाटीवर लावू नका.

प्रश्न : गावाचं नाव देत नाही. माझे पती मंडळीत पुढे असतात, प्रार्थना चालवतात. घरी दारू पिऊन मारतात. दोन वडीलधाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, शिष्य पेत्राला प्रभूने ‘सातांच्या सत्तर वेळा’ क्षमा करायला सांगितलं, तूही कर, प्रीती सर्व काही सहन करते. काका, मी मोजत नाही, पण आता मुलगी मोठी होतेय. ती बघते.

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रागाने हात थरथरत होता म्हणून त्या दिवशी लिहायला बसलो नाही.

मत्तयाचा अठरावा अध्याय उघडा. ‘सातांच्या सत्तर वेळा’ बाविसाव्या वचनात आहे. त्या दोन वडीलधाऱ्यांनी पुस्तक नेमकं तिथेच उघडलं. अध्याय सुरू कुठे होतो? प्रभू एक लेकरू बोलावतो आणि मधोमध उभं करतो. सहाव्या वचनात म्हणतो, या लहानांतल्या एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं हे त्याच्या हिताचं. जातं तुम्ही पाहिलंय. त्याची वरची पाळ उचलताना माझी आई ‘आई गं’ म्हणायची. शास्त्रातली तळी तर त्याहून मोठी, गाढवाने फिरवायची. तुमची मुलगी बघते, असं तुम्ही लिहिलंत. या अध्यायात ती पेत्राच्या आधी उभी आहे.

मग पंधरावं वचन : भावाने तुझा अपराध केला तर जाऊन त्याचा दोष त्याला दाखव. ऐकलं नाही तर दोघं-तिघं साक्षीदार ने. तरी नाही ऐकलं तर मंडळीला कळव. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परक्यासारखा असो. एवढ्या पायऱ्या झाल्यावर पेत्राचा प्रश्न येतो, किती वेळा क्षमा करू? तुम्ही पायऱ्या चढलात. साक्षीदार म्हणून ज्यांच्याकडे गेलात त्यांनी तुम्हाला पुन्हा खाली ढकललं. हा दोष त्यांचा आहे, तुमच्या क्षमेचा नाही.

क्षमा करणं म्हणजे त्याच घरात मार खात राहणं, असं प्रभूने सांगितलेलं मला कुठे सापडलं नाही. क्षमा दुसऱ्या गावी, बहिणीच्या घरी राहूनही करता येते. तीही तुमच्या सवडीने.

कोणी म्हणेल, विश्वासणाऱ्याने पोलिसात, कोर्टात जावं का? पौलाला चाबकाचे फटके मारायला चामड्याच्या वादीने ताणून बांधलं, तेव्हा तो काय म्हणाला ते प्रेषितांच्या कृत्यांत आहे (२२:२५). शेजारी उभ्या शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला, त्याने सरळ विचारलं : रोमी माणसाला, दोषी ठरवल्याशिवाय, फटके मारणं कायदेशीर आहे का? कायद्याचं नाव काढताच फटके थांबले. मार चुकवायला पौलाने कायदा वापरला, तर तुम्हाला कोण अडवणार?

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ सालचा आहे. त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, तुमची तक्रार ते लिहून घेतात. राहत्या घरातून तुम्हाला बाहेर काढता येत नाही, आणि मारणाऱ्याला दूर ठेवण्याचा आदेश कोर्टाकडून मिळू शकतो. १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे. त्या क्षणी जिवाला धोका असेल तर ११२. हे दोन आकडे मुलीकडून पाठ करून घ्या, सोन्याच्या वचनासारखे. आधार कार्ड, बँकेचं पुस्तक, मुलीचे दाखले आणि थोडे पैसे एका पिशवीत भरून विश्वासाच्या बाईकडे ठेवा. कुठे ठेवलेत ते मला कळवू नका, कोणालाच कळवू नका.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, ते विधवांना छप्पर आणि शिक्षण मिळावं म्हणून. पुढे दुष्काळात शेकडो बायका-मुली गोळा करून केडगावला आणल्या. दौंडकडे जाताना ते स्टेशन लागतं. त्यांनी कोणाला ‘सहन कर, घरी जा’ असं सांगून परत पाठवलं असतं तर केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन उभंच राहिलं नसतं. आम्ही मंडळ्यांमधून दरवर्षी त्यांची आठवण करतो, भाषणं करतो. मग दारात उभ्या बाईला बाविसावं वचन वाचून दाखवतो. मीही पंच आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो.

प्रश्न : माझी नात इंग्रजी शाळेत जाते. म्हणते, आजी, तुझं मराठी बायबल कळत नाही. तिला इंग्रजीतूनच वाचू द्यावं का? की सोपं मराठी घ्यावं? — एक आजी, अहिल्यानगर

उत्तर : वाचू द्या की, इंग्रजीतून वाचू द्या. देवाला सगळ्या भाषा येतात. पण आठवड्यातून एकदा, दिवाबत्तीच्या वेळी, पाच वचनं तुमच्या पुस्तकातून तुमच्या आवाजात होऊ द्या.

कुठलं मराठी, हा प्रश्न जुनाच आहे. श्रीरामपूरला, म्हणजे आपल्या नव्हे, बंगालमधल्या, विल्यम कॅरीने १८११ साली नवा करार मराठीत छापला, तो मोडी लिपीत. मग एकामागून एक सुधारणा होत राहिल्या. रमाबाईंना ते मराठी खेड्यातल्या बायांना जड वाटायचं. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल एकटीने मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, पूर्ण पुस्तक छापून आलं १९२४ मध्ये. छापखाना केडगावचाच, खिळे जुळवणाऱ्या बायकाच. अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ केलं. नातीला ते देऊन बघा, टिपा चांगल्या आहेत.

पण जुनं टाकून देऊ नका. त्यात काही शब्द असे बसलेत की हलवता येत नाहीत. पवित्र आत्म्याला योहानात ‘कैवारी’ म्हटलंय. नातीला विचारा, शाळेत तुझ्या बाजूने भांडायला कोण उभं राहतं? जे नाव सांगेल तोच अर्थ. दुसरा शब्द योहान १:१४ मधला. शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये ‘वस्ती केली’. मूळ ग्रीकमध्ये तंबू ठोकण्याचा शब्द आहे म्हणतात, अरण्यातल्या निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, आठवण करून देणारा. मला ग्रीक येत नाही. वस्ती येते.

एसटीत वस्तीची गाडी असायची. संध्याकाळी शेवटच्या गावी जायची, रात्रभर तिथेच उभी राहायची आणि पहाटे साडेपाचला पहिली फेरी घेऊन निघायची. गर्भगिरीच्या डोंगरात, पाथर्डीच्या अंगाला, एका गावी माझी ती ड्युटी बरीच वर्षं होती. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर झोपायचा, मी पुढच्या दोन सीटांवर, डोक्याखाली कॅशची बॅग. भाकरी गावातून यायची. डास सगळ्यांना सारखे चावायचे. दिवसा येऊन माघारी फिरणाऱ्या गाड्यांना गाव ‘गाडी’ म्हणायचं. आमच्या गाडीला ‘आपली गाडी’.

एका पावसाळी रात्री, दोनच्या सुमाराला, खिडकीच्या पत्र्यावर थापा पडल्या. एक पोरगी अडली होती. पहिलटकरीण. सुईण म्हणत होती, माझ्या हाताबाहेर आहे. गावात दुसरं वाहन नव्हतं आणि फोन लावायचा तर तेव्हा तालुक्यालाच जावं लागायचं. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. वेळापत्रकात नसलेली फेरी विनापरवानगी काढायची म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याने टोपी घातली. मी सवयीने डबल बेल दिली. गाडीत चौघंच होती, तरी दिली. घाटात त्या पोरीची सासू माझा हात धरून बसली होती, नखं रुतेपर्यंत. साडेतीनला दवाखान्यात पोचलो, आणि पहाटेची फेरी घ्यायला परत गावात.

दोन दिवसांनी जबाब लिहून द्यावा लागला. जादा किलोमीटर, जादा डिझेल, वर तिकीट एकही नाही. ‘गाडी रात्री २ वाजता का हलवली?’ या प्रश्नापुढे दोन ओळी जागा होती. मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि लिहिलं : ‘गाडी गावातच होती.’ साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि खाली सही केली.